आधी वाट, मग वाफे: कराडमधल्या एका परड्याची दोन वर्षं

कराडला माझ्या धाकट्या भावाचं घर आहे. घराच्या मागे, उत्तरेला, 22 फूट रुंद आणि 38 फूट लांब मोकळी जागा आहे. म्हणजे 836 चौरस फूट, पाऊण गुंठ्याला थोडी जास्त. आमच्याकडे याला परडं म्हणतात. घरात पाच माणसं: भाऊ, भावजय, आमची 76 वर्षांची आई आणि भाचा-भाची, तेव्हा अकरा आणि आठ वर्षांचे. जून 2022 मध्ये त्यांनी ठरवलं, की घरात लागणारी भाजी जमेल तेवढी इथेच पिकवायची आणि रासायनिक खत किंवा औषध अजिबात वापरायचं नाही. मी पुण्याहून महिन्यातून एकदा तरी जाते. पहिलं वर्ष मी नुसती पाहत होते. दुसऱ्या वर्षी वही घेऊन उतरले, आणि हे सगळं त्या वहीवरूनच लिहिते आहे.

पहिलं वर्ष फसलं, दुसरं मार्गी लागलं. मधे माती बदलली, बियाणं बदललं, कामाची वाटणी बदलली. पण सगळ्यात मोठा फरक कशाने पडला असं कुणी विचारलं, तर मी स्वयंपाकघराच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत टाकलेल्या 2 फुटी फरशीच्या वाटेकडे बोट दाखवीन. असं का म्हणते, ते पुढे येईलच.

पहिलं वर्ष: जून 2022 ते मार्च 2023

घर बांधताना पायाची काळी माती उपसून बाहेर गेली होती. परड्यात राहिला तो राडारोडा: विटांचे तुकडे, चुन्याचे गोळे, वाळूत मिसळलेलं सिमेंट. त्यावर मुरूम पसरलेला. भावाने त्यावरच एक ट्रॉली शेणखत टाकून घेतलं. हात घातला तर ते आतून अजून गरम लागत होतं, म्हणजे पुरतं कुजलेलं नव्हतं. पण पाऊस तोंडावर आला होता आणि रोपवाटिकेतून रोपं आणून झाली होती.

वाफे केले ते थेट मागच्या भिंतीलगत. तिथे वर्षभर ऊन असतं, म्हणून जागा म्हणून निवड बरोबरच होती. लावलं काय? रोपवाटिकेत जे तयार होतं ते. कोबीची 24 रोपं, फ्लॉवर, ब्रोकोली, टोमॅटो, वांगी. कडेला थोडी कोथिंबीर.

जुलैच्या पावसात घर आणि वाफ्यांच्या मधल्या 25 फुटांत घोट्याएवढा चिखल झाला. भावजय सकाळी सहाला स्वयंपाकघरात जाते आणि साडेआठपर्यंत चार डबे भरते. त्या वेळात चपला बदलायच्या, चिखल तुडवत जायचं, परत येऊन पाय धुवायचे, हे मूठभर कोथिंबिरीसाठी कोण करेल? तिने नाही केलं, आणि मी तिच्या जागी असते तर मीही केलं नसतं. परड्यात कोथिंबीर फुलावर आली आणि घरात दहा रुपयांची जुडी विकत येत राहिली.

आईचं तर तिकडे जाणं बंदच होतं. तिचे गुडघे दुखतात आणि ती काठी घेऊन चालते. ओबडधोबड मुरमात काठी रुतायची. घरात भाजीपाल्याची खरी जाण असलेलं माणूस तेवढं एकच, आणि तेच मागच्या ओसरीवर बसून लांबून पाहत होतं.

मग एकेक सुरू झालं. वांग्याची रोपं दुपारी माना टाकायला लागली. उपटली तर हातात अलगद आली, मुळं खाल्लेली. खाली अर्धगोल वळलेल्या पांढऱ्या जाड अळ्या, हुमणी. कच्च्या शेणखताबरोबर त्या घरात आल्या होत्या. टोमॅटोवर केवडा पडला, कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. भावाने कुणाचं तरी ऐकून चुलीची राख टाकली, तीही भरपूर. राख अल्कधर्मी असते, आणि या जमिनीत चुना आधीच होता. केवडा वाढला. कोबीवर चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या अळीने चाळण केली. 24 पैकी 9 गड्डे हाती आले आणि तेही एकाच आठवड्यात. ब्रोकोली मुलांनी एकदा खाल्ली.

मार्चमध्ये मी गेले तेव्हा भावजय म्हणाली, "ताई, खरं सांगू का? मला आता तिकडे बघायलाही नको वाटतं. बाग सगळ्यांची म्हणायची, पण पाणी मी घालायचं, तण मी काढायचं आणि कोबीला कीड लागली की मलाच विचारायचं."

तिचं शंभर टक्के खरं होतं. परसबागेबद्दल लिहिताना खतं आणि कीड यांवर पानंच्या पानं खर्ची पडतात, आणि घरातलं कोण किती राबतं आहे हे कुणी विचारत नाही. या घरात बाग बंद पडायला आली होती ती हुमणीमुळे नव्हे, ती या बाईच्या दमण्यामुळे.

एप्रिल 2023: मोजमाप

नवं काही लावायच्या आधी एक महिना फक्त मोजायचं ठरवलं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवार या चळवळीतून शेतकऱ्यांना हेच सांगितलं होतं: आपल्या जागेवर आपणच प्रयोग करायचा, नोंद ठेवायची आणि एकमेकांना सांगायची. आम्ही तीन गोष्टी मोजल्या.

पहिली, स्वयंपाकघर. फ्रिजशेजारच्या खिळ्याला वही टांगली. रोज काय भाजी झाली ते भाचीने लिहायचं. एप्रिलच्या 30 दिवसांत 13 दिवस कुठली ना कुठली पालेभाजी होती. कोथिंबीर रोज, कढीपत्ता 27 दिवस. वांगं 6 वेळा, भेंडी 5 वेळा, शेवग्याच्या शेंगा 4 वेळा आमटीत. कोबी 2 वेळा. ब्रोकोली एकदाही नाही. पहिल्या वर्षी वाफ्यांची अर्ध्याहून जास्त जागा कोबीवर्गाला दिली होती!

दुसरी, सावली. घर दक्षिणेला आणि परडं उत्तरेला असल्याने ही मोठीच बाब होती. मुलांनी सकाळी 8 पासून दर दोन तासांनी घराच्या सावलीची कड रांगोळीने आखली. पण एप्रिलची सावली पाहून फसायला होतं. कराडला 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण 49 अंशांवरच चढतो. आमचं घर कठड्यासह 14 फूट उंच, म्हणजे तेव्हा मागे दुपारीसुद्धा जवळजवळ 12 फुटांची सावली पडणार. जूनमध्ये उलट, भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो आणि घराची सावली पुढच्या अंगणात जाते. म्हणून दारापासूनचे पहिले 12 फूट हिवाळ्यात कमी उन्हाचे, आणि त्यापुढचं बारमाही उन्हाचं, असे दोन भाग सरळ पडले.

तिसरी, माती. पाच ठिकाणी व्ही आकाराचा वीतभर खड्डा घेऊन, त्याच्या कडेची माती खरवडून, एकत्र करून, चार भागांतले समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो उरवली आणि तपासायला दिली. सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप (पीएच), 8.4 आणि सेंद्रिय कर्ब 0.38 टक्के. म्हणजे जमीन चुनखडीची आणि उपाशी. एवढ्या सामूला जमिनीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. केवड्याचं कारण कागदावर आलं, आणि राखेचा डबा त्याच दिवशी माळ्यावर गेला.

वाट

वाट आधी करायची हे आईच्या एका वाक्यातून ठरलं. तिला विचारलं, पुढच्या वर्षी काय काय लावू या? ती म्हणाली, "मला तिथवर जाता आलं तर सांगीन ना. इथून काय दिसतंय?"

एक जुना वाडा पाडलेल्या ठिकाणी शहाबादी फरशा मिळाल्या, कडा झिजलेल्या, पण जाड. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत, परड्याच्या बरोबर मध्यातून, 2 फूट रुंद पट्टा चार बोटं खणला, खाली खडी आणि वाळू दाबून घेतली, वर फरशा बसवल्या. पाणी साचू नये म्हणून एका बाजूला किंचित उतार दिला. भाऊ आणि एक गवंडी, दोन दिवसांचं काम. फरशा, वाळू आणि मजुरी मिळून 6,200 रुपये गेले. दारापासून 12 फुटांवर, जिथे उन्हाचा भाग सुरू होतो, तिथे विटांचा एक बुटका कट्टा बांधला, आई बसून वाफ्यात हात घालू शकेल एवढ्या उंचीचा. दाराबाहेर एक दिवा लावला. हिवाळ्यात सकाळी सहाला अंधार असतो.

वाट झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथेच होते. आई काठी टेकत कट्ट्यापर्यंत गेली, बसली, चप्पल काढली आणि पाय मातीत ठेवले. मग वाकून एक ढेकूळ उचललं, चिमटीत फोडलं, वास घेतला आणि म्हणाली, "मेलेली आहे गं ही. हिला आधी खाऊ घाला." प्रयोगशाळेच्या कागदावरचं 0.38 तिने वास घेऊन सांगितलं.

त्या दिवसापासून ती रोज सकाळी चहाचा कप घेऊन कट्ट्यावर असते. दुसऱ्या वर्षातली निम्मी कीड तिच्यामुळे वेळेत सापडली. पानाच्या मागे दहा-बारा मावा असताना तो दिसला तर बोटाने पुसून टाकता येतो. दिसायला आठवडा उशीर झाला की फवारणीशिवाय इलाज नसतो. सेंद्रिय बागेत रोज पाहणारा डोळा हेच पहिलं औषध आहे असं मला मनापासून वाटतं, आणि तो डोळा आणायचा तर त्याला चालायला जागा हवी.

भावजयीचं गणितही बदललं. कढईत तेल तापेपर्यंत ती जाऊन कढीपत्ता, दोन मिरच्या आणि कोथिंबीर तोडून परत येते. पायाला माती लागत नाही.

माती

वाटेच्या दोन्ही बाजूंना चार-चार असे आठ वाफे, प्रत्येक 3 फूट रुंद आणि 9 फूट लांब. 3 फुटांहून रुंद केला तर मधल्या तणापर्यंत हात पोचत नाही आणि वाफ्यात पाय द्यावा लागतो. पाय पडला की माती दबलीच. एकूण लागवडीची जागा 216 चौरस फूट.

सगळ्या परड्यातला राडारोडा काढणं खर्चात बसत नव्हतं. म्हणून फक्त वाफ्यांच्या जागा फूटभर खणल्या. सुमारे दोन ब्रास, म्हणजे दोनशे घनफूट, माल निघाला. त्यातला मुरूम चाळून निम्मा परत घातला, बाकी चुना आणि विटा बाहेर. त्यात गावाकडच्या रानातली एक ब्रास काळी माती आणि वर्षभर कुजवलेलं शेणखत. या वेळी खत घेताना आईने अट घातली होती: हाताला गार लागलं पाहिजे, शेणाचा वास येता कामा नये, आणि मुठीत दाबलं तर भुसभुशीत सुटलं पाहिजे.

चार वाफ्यांत 10 मे रोजी ताग दाट पेरला, बाकी चारांत जूनमध्ये थेट लागण केली. ताग दीड महिन्यात कमरेच्या वर गेला. 25 जूनला, फुलं दिसायला लागताच, कापून तुकडे करून मातीत गाडला. फुलोऱ्यानंतर थांबलं तर दांडे राठ होतात आणि कुजायला फार वेळ घेतात. तीन आठवडे तसंच ठेवून मग पेरणी. हिवाळ्यात या चार वाफ्यांतली मेथी आणि पालक बाकी चारांपेक्षा उघडच सरस होती. मुळा तर नुसत्या हाताने उपटला जायचा.

आच्छादनासाठी पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं. कराडच्या आसपास ऊस एवढा, की ऊस तुटल्यावर पाचट कुणीही न्यायला सांगतं. कितीतरी ठिकाणी ते अजून पेटवून देतात, हे पाहून जीव तुटतो. ते वाफ्यावर तीन बोटं जाड अंथरायचं, मातीत मिसळायचं नाही. मिसळलं तर कुजताना ते मातीतला नत्र ओढून घेतं आणि पीक पिवळं पडतं.

घरातला ओला कचरा भोकं पाडलेल्या दोन पिंपांत जातो, एक थर ओल्याचा तर दोन थर वाळक्या पाल्याचे. वास आला की पाला कमी पडला असं समजायचं. जीवामृत महिन्यातून दोनदा केलं. 20 लिटर पाण्यात एक किलो देशी गाईचं शेण, एक लिटर गोमूत्र, 100 ग्रॅम गूळ, 100 ग्रॅम बेसन आणि मूठभर माती. सावलीत दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ ढवळून. दहापट पाणी घालून आठवड्याच्या आत वापरायचं. ते सगळ्याच वाफ्यांना दिलं. एखादा वाफा बिनजीवामृताचा ठेवायला हवा होता, तो ठेवला नाही, म्हणून यशात त्याचा वाटा किती ते सांगता येत नाही.

काय, कुठे, केव्हा

दारालगतच्या 12 फुटांत सावली सोसणारी आणि रोज लागणारी झाडं घेतली. मोरीच्या पाण्यावर अळू. दोन प्रकारचं लावलं, काळ्या देठाचं वडीला आणि हिरव्या देठाचं फतफत्याला. हळद, आलं, पुदिना, गवती चहा. कढीपत्ता मात्र या पट्ट्याच्या उन्हाकडच्या टोकाला. भाज्या आणि तांदूळ धुतलेलं पाणी अळूला जातं. भांड्यांचं साबणाचं पाणी नळी टाकून मागच्या केळीच्या खड्ड्यात सोडलं, पालेभाजीला कधीच नाही. घरात पाण्याचं आरओ यंत्र आहे. त्याचं टाकाऊ पाणी बागेला घालायचा भावाचा विचार होता. त्यात क्षार एकवटलेले असतात आणि आमची जमीन आधीच तशी, म्हणून ते फरशी पुसायला ठेवलं.

उंच झाडं अगदी मागे, उत्तरेच्या भिंतीला, म्हणजे त्यांची सावली वाफ्यांवर येत नाही. शेवगा पीकेएम 1 जातीचा, चार फुटांवर शेंडा खुडून फांद्या पसरवलेला. दोन पपया, एक केळ, एक कागदी लिंबू. लिंबू तीन वर्षांनी बोलेल, पण लावलं आजच पाहिजे. शेवटच्या दोन वाफ्यांवर बांबू आणि तारेचा मांडव.

पावसाळ्यात भेंडी, दोडका, कारली, घेवडा, चवळई, अंबाडी. भेंडीला परभणी क्रांती हे वाण घेतलं. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या हळद्या रोगाला तोंड देऊ शकेल म्हणूनच ते परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलं होतं. दसऱ्यानंतर मेथी, पालक, शेपू, करडई, चाकवत, मुळा, टोमॅटो, वांगी. उन्हाळ्यात राजगिरा, गवार, चवळीच्या शेंगा, काकडी.

पण यादीपेक्षा जास्त कामाचं ठरलं ते पेरणीचं टप्प्याटप्प्याने जाणं. मेथीचा वाफा एकदम पेरायचा नाही. तीन भाग करायचे, दर दहा दिवसांनी एक. पहिला भाग महिन्याभरात उपटून होतो तोवर दुसरा तयार असतो. ती वही अजून खिळ्याला आहे आणि भाची तिच्यात पुढच्या पेरणीची तारीख लिहिते.

कोथिंबिरीचं खातं आईकडे. पहिल्या वर्षी अख्खे धने टाकले होते आणि उगवण विरळ झाली होती. आईने कट्ट्यावर गोणपाटाचा तुकडा पसरला, त्यावर मूठभर धने घेतले आणि विटेच्या तुकड्याने हलक्या हाताने रगडायला लागली. दाब एवढाच, की धन्याच्या दोन फाका व्हाव्यात पण भुगा होऊ नये. भाच्याने जोर लावला आणि अर्ध्या धन्यांची पूड झाली. "अरे, फोडणीला नाही टाकायचेत," आई म्हणाली आणि त्याच्या हातावर हात ठेवून दाब दाखवला. रात्रभर भिजवून सकाळी पेरले, वर चाळलेलं खत, त्यावर ओलं गोणपाट. नवव्या दिवशी वाफा हिरवा झाला होता.

ऑगस्टची उघडीप

2023 चा ऑगस्ट देशभरात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. आमच्याकडेही पाऊस गेला तो गेलाच. आच्छादनाची परीक्षा आपोआप झाली. पाचट घातलेल्या वाफ्यांत बोट खुपसलं तर तिसऱ्या दिवशीही ओल लागायची. दोन वाफ्यांना पाचट पुरलं नव्हतं, त्यांना रोज पाणी द्यावं लागलं आणि तरी घेवड्याची फुलं गळली. पाणी देणं मुलांकडे होतं. ते झारीने, शाळेतून आल्यावर. पुढच्या ट्रॉलीतलं पाचट उतरवायला ती दोघंच सगळ्यात आधी धावली.

कीड

कारल्यात फळमाशीने दणका दिला. पहिल्या तोड्यातली निम्मी फळं वाकडी, पिवळी, आत अळ्या. मांडवात दोन कामगंध सापळे लावले, म्हणजे वासाने नर माशीला ओढून घेणारे, वेलवर्गाच्या माशीसाठी क्यूल्यूरची गोळी असलेले. आंब्याच्या माशीची गोळी वेगळी असते आणि ती इथे चालत नाही. दुकानात नीट विचारून घ्यावं. पडलेली फळं रोज उचलून पाण्याच्या बादलीत बुडवली, कारण मातीत राहिली तर त्यातूनच पुढची पिढी निघते. भावजयीने जुन्या ओढणीच्या पिशव्या शिवून कोवळ्या कारल्यांना बांधल्या. या पिशव्यांनी सापळ्यांपेक्षा जास्त कारली वाचवली. घरच्यापुरत्या वेलाला हे करता येतं, एकरभर रानाला येत नाही.

पावसाळ्यात शंखी गोगलगायी. संध्याकाळी ओलं गोणपाट वाफ्याच्या कडेला ठेवायचं आणि रात्री नऊला बॅटरी घेऊन मुलांनी चिमट्याने उचलून मिठाच्या पाण्यात टाकायच्या, हात लावायचा नाही. पहिल्या रात्री 37 सापडल्या. पंधरवड्याने दोन-तीनवर आल्या.

निंबोळी अर्क वर्षभरात चारच वेळा लागला: अर्धा किलो निंबोळ्यांची पूड रात्रभर भिजवून, गाळून, दहा लिटर पाणी, थोडा साबणचुरा. फवारणी ऊन उतरल्यावरच, उन्हात त्याचा गुण टिकत नाही. झेंडू सगळ्या वाफ्यांच्या टोकांना होता. दसऱ्याला तोरणालाही पुरला.

जमाखर्च

जून 2023 ते मे 2024 या बारा महिन्यांत तोडलेली प्रत्येक भाजी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली. एकूण 161 किलो. त्यात पालेभाज्या 58 किलो, फळभाज्या आणि शेंगा 64 किलो, आणि पपई, शेवगा, अळू, हळद, आलं धरून 39 किलो.

हे खूप आहे की कमी? राष्ट्रीय पोषण संस्था मोठ्या माणसाला दिवसाला 400 ग्रॅम भाज्या सांगते. पाच माणसांचे वर्षाला 730 किलो झाले. मुलं कमी खातात असं धरलं तरी आमच्या परड्याने घराची गरज पाचव्या हिश्श्याच्या आसपासच भागवली. "घरची भाजी पिकवा, बाजार बंद" असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नये. कांदा, बटाटा, गाजर, कोबी अजून बाजारातूनच येतं आणि तसंच येत राहील. पण पालेभाजी ऑगस्ट ते मार्च एकदाही विकत आणली नाही. कोथिंबीर, कढीपत्ता, पुदिना, मिरची तर वर्षभर घरचं. ज्या भाज्या सकाळी तोडून दुपारी खाण्यात अर्थ आहे, नेमक्या त्याच घरच्या झाल्या.

खर्च: वाट आणि कट्टा 7,900, माती आणि खत 6,800, मांडव 1,900, बियाणं, सापळे आणि बाकी किरकोळ 1,650. एकूण 18,250 रुपये. 161 किलोला सरासरी 50 रुपये धरले तर 8,050. या बारा महिन्यांत पैसे वसूल झाले नाहीत. वाट, कट्टा, माती आणि मांडव पुन्हा करायचे नाहीत, म्हणून यापुढचं वर्ष वेगळं दिसेल.

वेळ: रोज सगळ्यांचा मिळून पाऊण तास, रविवारी भावाचे दोन तास खणणं आणि वाहणं. पेरणी आणि पाहणी आईची, पाणी आणि गोगलगायी मुलांच्या, तोडणी भावजयीची. तण कुणाचं यावर अजून वाद होतात.

मे 2024 मध्ये पुन्हा माती तपासली. सामू 7.9, सेंद्रिय कर्ब 0.71. टोमॅटोवर या वर्षी केवडा नव्हता.

जे अजून जमलेलं नाही

कारल्याचं अजून नीट बसलेलं नाही. यंदा दापोलीच्या विद्यापीठाचं कोकण तारा हे वाण आणून बघणार आहोत आणि मांडवाची जागा बदलणार आहोत. एप्रिल-मे मध्ये पाणी कमी पडतं. 15 लिटरच्या दहा बादल्या रोज लागतात आणि नळ एक दिवसाआड येतो. छतावरच्या पावसाच्या पाण्याला पिंप लावायचं ठरलं आहे, झालेलं नाही. पपईवर पिठ्या ढेकूण आला आणि एक झाड काढावं लागलं.

बियाण्याचं मात्र सुरू झालं आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 ची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आई टीव्हीसमोरून उठलीच नव्हती. घरात जपलेल्या गावठी बियाण्यासाठी एका बाईचा एवढा मान होतो, याचं तिला फार कौतुक वाटलं होतं. या वर्षी तिने भेंडीची दोन, वांग्याची दोन आणि चवळीची सात-आठ झाडं तोडू दिली नाहीत. भेंडी झाडावरच वाळून तडकली, वांगी पिवळी होऊन लोंबली. बी काढून, धुऊन, सावलीत वाळवून, माळ्यावरच्या त्याच डब्यातली राख चोळून काचेच्या बरण्यांत भरलं. बरण्यांवर तिने सांगितलं आणि भाचीने लिहिलं: भेंडी, घरची, एप्रिल 2024.

जूनच्या पहिल्या रविवारी मी गेले तेव्हा वळवाच्या सरीनंतर वाफसा आला होता. आई कट्ट्यावर होती, मांडीवर बरणी. भाचा वाफ्यात गुडघ्यावर बसून वीतभर अंतरावर बोटाने खड्डे पाडत होता आणि ती एकेका खड्ड्यात दोन-दोन बिया टाकायला सांगत होती. स्वयंपाकघरातून भावजयीने हाक मारली, "आई, अळूची चार पानं आणता येतील का?" आईने काठी घेतली, वाटेवरून अळूपाशी गेली, काळ्या देठाची चार मोठी पानं निवडून खुडली आणि दारातून आत दिली.